चूल, ओवी आणि प्रार्थना : मराठी ख्रिस्ती घराचा इतिहास

मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास बहुधा देवळांच्या अंगाने सांगितला जातो. मिशनांचे अहवाल, बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, पाळकांची आणि धर्मगुरूंची चरित्रे यांतून तो बऱ्यापैकी हाती लागतो. रोजचा धर्म मात्र घरात पाळला गेला, आणि घरातला धर्म मुख्यतः आयांनी चालवला. जेवणाआधी लेकराचे हात जोडून घेणे, दिवेलागणीला सगळ्यांना प्रार्थनेला बसवणे, शास्त्रातल्या गोष्टी सांगणे, आजाऱ्याच्या उशाशी गीत म्हणणे, दारी आलेल्या पोरक्या मुलाला पंक्तीत घेणे, या कामांच्या नोंदी फारशा कोणी ठेवल्या नाहीत. तरीही परमुलखातून आलेला हा धर्म मराठी झाला तो याच कामांतून.

या समाजाचे दोन मोठे प्रवाह आहेत. पहिला कॅथलिक. तो सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेबरोबर गोवा, चौल, वसई, साष्टी आणि मुंबईच्या किनाऱ्यावर रुजला. दुसरा प्रोटेस्टंट. तो एकोणिसाव्या शतकात मुंबईत सुरू होऊन अहमदनगर, पुणे, सातारा, जालना असा घाटावर पसरला. दोन्हींच्या उपासना वेगळ्या, घरातले विधी वेगळे. आईकडे आलेले काम मात्र दोन्हीकडे सारखेच होते.

गोवा : घंटा, पुराण आणि बेसांव

१५४२ साली मिशनरी फ्रान्सिस झेवियर गोव्यात आला. हातात घंटा घेऊन तो रस्त्यांतून फिरे, मुलांना आणि नोकरचाकरांना गोळा करी आणि त्यांच्याकडून प्रार्थना व धर्माज्ञा पाठ करून घेई. पाठ झालेले मुलांनी घरी जाऊन म्हणून दाखवावे, म्हणजे वडीलधाऱ्यांच्याही कानांवर पडेल, अशी ही रीत होती. धर्मशिक्षण घरात शिरले ते असे मुलांच्या तोंडून. पुढे ते घरात टिकवून धरण्याचे काम बायकांकडे आले.

पाठांतराने प्रार्थना तोंडी बसल्या, पण मनाची भूक भागली नाही. जुनी पुराणे ऐकणे बंद झालेल्या नवख्रिस्ती लोकांना ऐकायला, म्हणायला, रात्री उजळणी करायला दुसरे काही हवे होते. ही गरज ओळखून थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला आणि चाळीस वर्षे तेथेच राहून १६१९ साली वारला. रायतूर येथे १६१६ साली छापलेल्या या ग्रंथात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. त्याचे दोन भाग आहेत : पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा आहे, तर दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. लिपी रोमन असली तरी छंद ओवीचा, म्हणजे दळताकांडताना बायकांच्या ओठी असलेला. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. देवळांत आणि घरांत हे पुराण म्हटले जाई. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशांपर्यंतही ते कानांवाटे पोहोचले.

राज्यकर्त्यांना आणि धर्मसत्तेला घराच्या या ताकदीची चांगलीच कल्पना होती. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, काढलेल्या हुकमात लग्नातली गाणी, विड्याची पाने आणि फुले वाटणे, बाळाच्या जन्मानंतरच्या सहाव्या रात्रीचे जागरण अशा अनेक घरगुती चालींवर बंदी घातली. या चाली बहुतेक बायकांच्या हातातल्या होत्या. बाप्तिस्मा होऊन पिढ्या लोटल्या तरी बाळंतिणीच्या खोलीत आणि लग्नाच्या मांडवात जुने सूर चालू होते, हे या बंदीवरूनच कळते. पुढेही ते पुरते थांबले नाहीत. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांत वोवयो, म्हणजे ओव्या, ऐकू येत राहिल्या.

घरातल्या उपासनेला कालांतराने ठरावीक वळण आले. खोलीत लाकडी देव्हारा असे, त्यात क्रूस आणि मरियेची मूर्ती. तिन्हीसांजेला देवळाची आंजेलांची, म्हणजे सांजप्रार्थनेची, घंटा झाली की हातातले काम थांबवायचे. पुढे रात्री तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. माळ संपली की मुले वडीलधाऱ्यांपुढे जाऊन बेसांव मागत, आणि मोठी माणसे आशीर्वाद देत. थोरांच्या पाया पडण्याची या मातीतली रीत आणि ख्रिस्ती आशीर्वाद यांची सांगड बेसांवात घातली गेली. घरातले भांडण रात्रीपुरते तरी मिटावे असा त्याचा परिणाम होता, कारण रागावलेल्या मुलालाही आईपुढे वाकावेच लागे.

वसई आणि मुंबईची गावठाणे

वसई १५३४ साली पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत वसई, साष्टी आणि आसपासच्या भागातली शेतकरी, बागाईतदार आणि कोळी कुटुंबे ख्रिस्ती झाली होती. १७३९ नंतर पोर्तुगीज धर्मसंस्थांचा आधार गेला, अनेक देवळे आणि मठ ओस पडले. गोव्याकडून आलेले देशी धर्मगुरू काम पाहत राहिले, पण त्यांची संख्या तोकडी होती. अशा काळात रोजची श्रद्धा टिकून राहिली ती मोठ्या प्रमाणात घरांतून. लॅटिन मिस्सा कोणाला कळत नसे. आपल्या बोलीत आईने शिकवलेली प्रार्थना मात्र शेताला पाणी देतानाही म्हणता येई.

वसईच्या कुपारी समाजाने आपली सामवेदी बोली जपली. मुंबई बेटांवरच्या आणि साष्टीतल्या कॅथलिकांनी १८८७ साली ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, पण घरात बोली राहिली मराठीचीच. त्यांच्या लग्नातली गाणी मराठी बोलीतली आहेत, आणि लग्नाआधी उंबराचे पाणी आणण्याचा विधी वाजतगाजत होतो. सुगीनंतरच्या आगेऱ्याच्या सणाला नव्या भाताच्या लोंब्या देवळात आणून त्यांवर आशीर्वाद मागतात. पहिले धान्य देवाचे हा कुणब्याच्या घरचा संस्कार ख्रिस्ती उपासनेत असा सामावला.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा अनेक गावठाणांत लोकांनी रस्त्याकडेला क्रूस उभारले. साथीतून वाचलेल्यांनी कृतज्ञता म्हणून, तर काहींनी संरक्षण मागण्यासाठी. मे महिन्यात या क्रुसांपाशी शेजारपाजारची कुटुंबे जमतात, फुले वाहतात, जपमाळ म्हणतात आणि प्रार्थना झाली की मुलांना खाऊ वाटतात. घरातली संध्याकाळची प्रार्थना उंबरठा ओलांडून आळीत आली, त्याचे हे उदाहरण आहे.

अहमदनगर : वाचणारी आई

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे ठाणे केले. प्रोटेस्टंट मतात प्रत्येक विश्वासणाऱ्याने शास्त्र स्वतः वाचावे अशी अपेक्षा असते. कुटुंबाने रोज एकत्र बसावे, एक उतारा वाचावा, गीत गावे आणि प्रार्थना करावी, हा कौटुंबिक उपासनेचा नेम मिशनऱ्यांनी आपल्या देशातून आणला होता. बाप दिवसभर बाहेर असणाऱ्या घरात हा नेम चालायचा तर आईला वाचता यायला हवे. त्यामुळे मुलींची शाळा ही मंडळीची गरज झाली.

मिशनने मुंबईत १८२४ सालीच मुलींची शाळा काढली होती. १८२७ च्या अखेरीस सिंथिया फॅरार मुंबईत आल्या. मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठवलेल्या सुरुवातीच्या अविवाहित स्त्री मिशनऱ्यांपैकी त्या एक. १८३९ साली त्या नगरला गेल्या आणि १८६२ साली मरेपर्यंत मुलींना शिकवत राहिल्या. जोतीराव फुले यांनी नगरला जाऊन त्यांच्या शाळा पाहिल्या आणि पुण्यात परतल्यावर १८४८ साली मुलींची शाळा सुरू केली. ख्रिस्ती घरासाठी काढलेल्या शाळेचा लाभ असा साऱ्या महाराष्ट्राला झाला.

वाचणाऱ्या घरासाठी छापील मजकूरही येऊ लागला. विल्यम कॅरीने १८११ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला मोडी लिपीत नवा करार छापला होता. अमेरिकन मिशनने १८२६ साली मुंबईत देवनागरीत नव्या कराराचे भाषांतर काढले. जून १८४२ मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. त्यात धर्मचर्चेबरोबर शास्त्रीय माहिती, बातम्या आणि स्त्रीशिक्षणाचे लेख येत. १८७० च्या दशकात मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक निघाले. संध्याकाळी आई मोठ्याने वाचते आहे आणि मुले भोवती बसली आहेत, हे दृश्य मराठी ख्रिस्ती घरांत नेहमीचे झाले ते या काळात.

गाण्यांचा प्रश्न राहिला होता. इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते मराठी जिभेवर नीट बसत नसत. नगरला १८६० च्या दशकात कीर्तनाचा अवलंब झाला. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी साक्या, दिंड्या, पदे रचून ख्रिस्ती कीर्तन उभे केले. कीर्तनातली पदे ऐकून बायका ती घरी म्हणू लागल्या. पाळणा हलवताना येशुजन्माचा पाळणा आला, दळताना अभंग आला.

दुभंगलेली घरे

घरातला धर्म म्हटले की सुखाचे चित्र डोळ्यांपुढे येते. पहिल्या पिढीची घरे मात्र दुःखातून उभी राहिली. बाप्तिस्मा घेणाऱ्याला जातीबाहेर टाकत. वाडवडिलांची मिळकत, पाणवठा, सोयरीक, सगळे एकदम तुटे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांच्यामागे धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे गेला तेव्हा वडिलांनी कोर्टात धाव घेतली, आणि कोर्टाने अल्पवयीन श्रीपतला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावर मोठा वाद झाला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीसाठी खटपट केली. दोन धर्मांच्या ओढाताणीत लहान मुलाचे आणि त्याच्या माणसांचे काय होते, हे त्या वर्षी सगळ्या शहराने पाहिले.

कायदा हळूहळू पुढे आला. १८५० च्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क जाणार नाही असे ठरले. १८६६ चा कायदा ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला जोडीदाराने धर्मांतरामुळे सोडले असेल अशा विवाहांसाठी होता. विवाह मोडण्याआधी न्यायाधीशाने दोघांना विचार करायला एक वर्षाची मुदत द्यावी, अशी त्यात तरतूद होती. १८७२ साली ख्रिस्ती विवाहाचा कायदा झाला. कायद्याने मिळकत वाचवली, लग्ने नोंदवली. पण नवरा एका धर्मात आणि बायको दुसऱ्या धर्मात, अशा घरात चूल कोणाची आणि मूल कोणाचे, हे प्रश्न त्या त्या घरानेच सोडवले.

अशाच एका घराची कथा कृपाबाई सत्यनाथन यांनी लिहिली. त्यांचा जन्म १८६२ साली नगरला झाला. वडील हरिपंत खिस्ती आणि आई राधाबाई हे नगरच्या पहिल्या ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबांपैकी. कृपाबाईंच्या ‘सगुणा’ या इंग्रजी आत्मचरित्रात्मक कादंबरीचा पहिला भाग आईबद्दल आहे. सोवळ्याओवळ्यात वाढलेली मुलगी, नवऱ्याचे बदललेले मन, माहेरासासरची तुटलेली नाती आणि शेवटी नवऱ्याबरोबर नव्या वाटेवर टाकलेले पाऊल. पुष्कळ मुलांच्या या घरात वडील लवकर गेले, आणि घर आईने आणि मोठ्या भावंडांनी सांभाळले. कृपाबाई १८९४ साली, वयाच्या ३२ व्या वर्षी वारल्या. पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती आईचे मन लेकीने शब्दांत पकडले, हे त्यांचे मोठे देणे आहे.

टिळकांचे घर

मराठी ख्रिस्ती कुटुंबजीवनाचे सर्वांत भरघोस चित्र मिळते ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामध्ये. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेली मनकर्णिका गोखले अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांची पत्नी झाली. माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक होते की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या. पदरात लहानगा दत्तू होता. पुढची काही वर्षे त्या नवऱ्यापासून वेगळ्या, नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. त्यातला बराच काळ पंढरपुरात गेला.

नंतर त्या नगरला टिळकांजवळ आल्या, पण धर्म आपला ठेवून. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, शिवाशिवीचे नियम कायम. टिळकांनी बळजबरी केली नाही. एकाच छपराखाली दोन चुली चालल्या. या सहवासात लक्ष्मीबाईंच्या मनात आधी बदलला तो जातीचा विचार. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच घातला आणि उत्तरही स्वतःच काढले. त्यानंतर कोणाच्याही हातचे खायला-प्यायला हरकत नाही, असे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा आला तो नंतर, १९०० साली. त्यांच्यासाठी धर्मांतराची पहिली पायरी स्वयंपाकघरात होती. सगळ्यांना एका पंक्तीला बसवता येते का, या कसोटीवर त्यांनी नवा धर्म घासून पाहिला.

पुढे टिळकांचे घर माणसांनी भरून गेले. देवदत्त (म्हणजे दत्तू) आणि तारा या आपल्या मुलांबरोबर पोरकी, दुष्काळात उघड्यावर पडलेली मुले तेथे वाढली. टिळक कवी आणि दिलदार. हातातले द्यायचे, उद्याचा विचार करायचा नाही. पीठ-मीठ पुरवण्याचा भार लक्ष्मीबाईंवर. देवाच्या भरवशावर राहायचे म्हणजे काय, हे त्यांना व्याख्यानातून शिकावे लागले नाही. डबा रिकामा आणि पानावर आणखी दोन पोरे, अशा दिवसांनी ते शिकवले. टिळकांचे तापट बोलणे, त्यांचे अबोले, पुन्हा होणारा समेट, हे सगळे त्यांनी लपवून न ठेवता लिहिले. म्हणूनच त्या घरातली श्रद्धा खरी वाटते.

टिळकांच्या काव्याने घराघरातली उपासना बदलली. त्यांनी रचलेली शेकडो पदे आणि अभंग मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहांत गेले. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. वारकरी संतांनी विठ्ठलाला माउली म्हटले. टिळकांनी ख्रिस्ताला तशीच आईची हाक मारली. यशयाच्या ग्रंथात देव आईसारखे सांत्वन करतो, आणि शुभवर्तमानात ख्रिस्त पिलांना पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा स्वतःला देतो. शास्त्रातला हा धागा आणि पंढरीची परंपरा त्यांच्या अभंगांत एकत्र आली. त्यामुळे आईपणाला नवा मान मिळाला. लेकराला जवळ घेणारी बाई देवाच्या प्रेमाची खूण ठरली.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. १९१९ साली ते वारले. लक्ष्मीबाईंनी मुलींच्या वसतिगृहात काम केले, कीर्तने केली, काही काळ मुलाच्या बिऱ्हाडी कराचीला काढला. टिळकांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. जेमतेम शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे ६४ अध्याय लिहिले, आणि शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त याने पुरा केला. बाप, आई आणि मुलगा अशा तिघांच्या हातचे हे ७६ अध्यायांचे काव्य आहे. लक्ष्मीबाई १९३६ साली वारल्या.

केडगाव : अनेकींचे घर

पंडिता रमाबाईंचे मातृत्व वेगळ्या वाटेने गेले. त्यांना संस्कृत शिकवले ते आई लक्ष्मीबाई डोंगरे यांनी, पहाटे उठवून. पुढे दुष्काळात आईवडील डोळ्यांदेखत गेले. १८८१ साली मुलगी मनोरमा झाली आणि पुढच्याच वर्षी पती बिपिनबिहारी मेधावी वारले. रमाबाई तान्ह्या मुलीला घेऊन महाराष्ट्रात आल्या, इंग्लंडला गेल्या, आणि सप्टेंबर १८८३ मध्ये वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

मनोरमेला कसे वाढवावे यावर वाँटेजच्या मठातल्या भगिनींशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. आपल्याला न पटलेली मते मुलीला पढवली जाऊ नयेत, आणि तिने आपण भारताची लेक आहोत हे विसरू नये, असा त्यांचा आग्रह होता. उपकार करणाऱ्यांशी इतक्या ठामपणे बोलणे सोपे नव्हते. ख्रिस्ती होणे म्हणजे इंग्रज होणे नव्हे, ही भूमिका त्यांनी लेकीच्या संगोपनातून मांडली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून निराधार मुली आणि विधवा घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुण्याजवळ केडगावला घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथे सुमारे दोन हजार बायका-मुली होत्या. मुलींचे गट पाडून प्रत्येक गट एका मोठ्या बाईच्या देखरेखीखाली असे. शेती, गाईगुरे, विणकाम, शिवण, तेलघाणा, छापखाना, सारे बायकाच चालवत. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याचे काम मनोरमेने सुरू केले. १९०५ साली मुक्तीत झालेल्या आत्मिक जागृतीची वार्ता दूरवर गेली. तिचा पाया घातला होता तो मुलींनी पहाटे एकत्र बसून केलेल्या प्रार्थनांनी.

रमाबाईंचे अखेरचे मोठे काम बायबलच्या भाषांतराचे. खेड्यातल्या बाईला ऐकताक्षणी कळेल असे सोपे मराठी त्यांना हवे होते. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनी केले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई. संपूर्ण भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.

गावकुसाबाहेरची घरे

मराठी प्रोटेस्टंट समाजातली बहुसंख्य कुटुंबे खिस्ती-टिळकांसारख्या ब्राह्मण घरांतली नव्हती. ती महार आणि मांग वस्त्यांतली होती. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात आणि पुढे मराठवाड्यात अशी पुष्कळ कुटुंबे मंडळीत आली. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. या घरांतली आई दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबे. तिच्या घरी पुस्तके नव्हती. खेड्यातला ख्रिस्ती मास्तर, त्याची बायको आणि घरोघर फिरणारी बायबलबाई यांच्याकडून ती गाणी आणि गोष्टी शिके आणि रात्री चुलीपाशी मुलांना सांगे.

तिच्यासाठी मुलाला शाळेत बसवणे हेच भक्तीचे काम होते. गावच्या शाळेत बाहेर बसावे लागणाऱ्या मुलाला मिशनच्या शाळेत पाटी मिळाली, बोर्डिंगात राहता आले. पुढे त्यातूनच शिक्षक, परिचारिका आणि पाळक झाले. मुलींनी मिशनच्या दवाखान्यांत परिचर्येचे शिक्षण घेतले, आणि नर्सची नोकरी हा अनेक घरांचा आधार झाला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळेनाशा झाल्या. धर्म बदलला तरी जात आणि गरिबी सुटली नव्हती. त्यामुळे मुलाच्या दाखल्यावर काय लिहावे, हा प्रश्न अशा घरांतल्या आईबापांपुढे आजही उभा राहतो.

जन्म, लग्न, नाताळ

चालीरीतींत प्रत्येक घराने थोडे सोडले, थोडे ठेवले. मूल जन्मले की मंडळीत बाप्तिस्मा किंवा समर्पण होते, आणि घरी पाळणा हलवून नाव ठेवण्याचा सोहळाही होतो. नावांत योहान, शमुवेल, दाविद, मार्था, रूथ, एस्तेर ही शास्त्रातली नावे आहेत, तशीच कृपा, आशा, प्रीती, विश्वास, दया ही गुणांची मराठी नावेही. आडनावे बहुधा जुनीच राहिली. बायकांनी साडी ठेवली. कुंकू बऱ्याच प्रोटेस्टंट घरांत सुटले, पण काळ्या मण्यांचे मंगळसूत्र राहिले, त्यात क्रूस आला. लग्नाआधी हळद लागते, तिथे प्रार्थनाही होते.

नाताळला घाटावरच्या घरांत करंज्या, चकल्या, लाडू, अनारसे यांचा फराळ होतो. वसई आणि मुंबईकडे त्याला फुगे आणि कुलकुले या तळलेल्या पदार्थांची जोड असते. दारात कागदी तारा लागतो, मुले गव्हाणीचा देखावा करतात. ताटे भरून शेजाऱ्यांकडे जातात, आणि दिवाळीची ताटे शेजाऱ्यांकडून आलेली असतात. ही देवघेव बायकांच्या हातून होते. वेगळ्या धर्माचे कुटुंब गावात सलोख्याने राहिले, त्यात तिचा वाटा मोठा आहे.

दुःखाच्या प्रसंगीही घर हेच उपासनेचे ठिकाण असते. घरात कोणी वारले की संध्याकाळी नातेवाईक आणि मंडळी जमून सांत्वनाची प्रार्थना करतात. परीक्षा, नवी नोकरी, नवे घर, बाळंतपणातून सुखरूप सुटका, अशा वेळी उपकारस्तुतीची सभा घरीच घेतात. पाळक उपदेश करतो, पण कोणासाठी प्रार्थना करायची ती नावे आई सांगते.

विसाव्या शतकानंतर

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक देवळांत लॅटिनऐवजी मराठीत मिस्सा होऊ लागली. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि महाराष्ट्रातल्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या तिच्यात आल्या. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. देवळाची भाषा आणि घराची भाषा एक व्हायला कॅथलिकांना चारशे वर्षे लागली. घरात ती आधीपासूनच मराठी होती.

आता कुटुंबे लहान झाली, आई नोकरीला जाते, मुले शिक्षणासाठी परगावी असतात, शाळा इंग्रजी माध्यमाची असते. रोजची प्रार्थना काही घरांत आठवड्यावर आली आहे, काही घरांत ती वडीलही चालवतात. गोव्यात तेर्स, वसईत जपमाळ आणि नगरकडे कौटुंबिक उपासना अजून चालू आहे. केडगावची मुक्ती निराधार मुलींना सांभाळते आहे. ‘स्मृतिचित्रे’ नव्या आवृत्त्यांतून सर्व धर्मांच्या मराठी वाचकांकडे पोहोचली आहेत. दिवेलागणीला आईने हाक मारावी, मुलांनी हातपाय धुऊन बसावे, एकाने वाचावे आणि सगळ्यांनी गावे, हा क्रम मराठी ख्रिस्ती घराने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे.